लेकरांच्या तातडीच्या विभागातील ताई



या सदरात आपण पीकपाणी व गुरांविषयी बोलतो. आज घरच्या माणसाविषयी बोलावयाचे आहे. आपल्या गावागावांतील कित्येक मुली नर्सिंग शिकून शहरातील इस्पितळांत नोकरीस आहेत. त्यांपैकी ज्या लहान मुलांच्या तातडीच्या विभागात होत्या, त्यांच्यावर कोरोनाच्या साथीत निराळाच ताण पडला.

महाराष्ट्रात पहिले रुग्ण ९ मार्च २०२० रोजी पुण्यात सापडले. हा आजार मुलांना बहुधा सौम्यच होई. मग त्या विभागात ताण कसला, असे कोणी विचारील. परंतु साथ आली म्हणून विंचू चावायचा थांबत नाही, की लेकराने रॉकेल पिण्याचे टळत नाही. उलट इस्पितळाच्या धास्तीने काही आईबाप उशिरा येत, आणि मूल अधिकच अत्यवस्थ होऊन दाखल होई. शिवाय काही मुलांना कोरोना होऊन गेल्यावर दोन ते सहा आठवड्यांनी ताप, पुरळ, लाल डोळे, पोटदुखी अशी लक्षणे दिसत व हृदयालाही इजा पोहोचे.

मुलांचे औषध वजनावर ठरते. थोडी चूकही महागात पडते. हातमोज्यांच्या दोन जोड्या घालून, वाफ धरलेल्या चष्म्यातून तान्ह्या हाताची शीर शोधायची. पोशाख अंगावर असेतो तासन् तास पाणी नाही, लघवीला जाणे नाही. तोंड झाकलेले, म्हणून मूल भिऊन रडणार. पुष्कळ ठिकाणी एकाच पालकाला आत सोडीत. बाहेर ताटकळणाऱ्याचा राग ताईवर. आणि पाळी संपवून घरी गेल्यावर स्वतःच्या लेकराला जवळ घ्यायची चोरी!

अशा न संपणाऱ्या ताणाने येणाऱ्या अवस्थेची जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली तीन लक्षणे सांगितली: शक्ती पार संपल्यासारखी वाटणे, कामाविषयी मन कोरडे होणे, आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असे वाटणे. ही कामचुकारी नव्हे. औताचा बैल आपण दुपारी सोडतो, वैरणपाणी दाखवतो. माणसालाही विसावा हवाच.

आपण काय करावे?

१) कीटकनाशके कुलपात, मूळ डब्यातच ठेवा. सरबताच्या बाटलीत कधीही ओतू नका. लेबलावरील लाल त्रिकोण म्हणजे अतिविषारी, हे घरात सर्वांना सांगा.

२) मुलाने विष वा रॉकेल प्यायल्यास ओकारी काढण्याच्या खटपटीत पडू नका. १०८ ला फोन करा, अथवा मिळेल त्या वाहनाने लगेच निघा. विषाचा डबा लेबलासह सोबत न्या.

३) मुलाचे वजन, त्रास केव्हा सुरू झाला, कोणते औषध दिले, हे सांगणारे एकच माणूस पुढे असावे.

४) तातडीच्या विभागात आधी आलेल्याला नव्हे, अधिक अत्यवस्थ असलेल्याला आधी घेतात. त्यावरून हुज्जत घालू नका. साथीच्या काळात आरोग्य कर्मचाऱ्यांवर हात उगारणाऱ्यास २०२० च्या कायदादुरुस्तीप्रमाणे तीन महिने ते पाच वर्षे, आणि जबर दुखापत केल्यास सहा महिने ते सात वर्षे कैद आहे. पण कायद्याच्या धाकापेक्षा माणुसकी मोठी.

५) घरची लेक वा सून नर्स असेल, तर रात्रपाळीनंतर तिला निजू द्या. सासूबाईंनी त्या दिवशी चूल सांभाळली तर बिघडत नाही. ती गप्प राहू लागली, झोप उडाली, जीव नकोसा झाला असे म्हणू लागली, तर टाळू नका. तिला एकटी सोडू नका. ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर ‘टेलि-मानस’ची मोफत मदत मिळते. मराठीतही बोलता येते.

साथ ओसरली, तरी मनावरचे ओझे लगेच उतरत नाही. तेव्हा पुढच्या सणाला लेक घरी आली की, “पगार किती?” हे विचारण्याआधी, “बाई गं, झोप होते का तुझी?” एवढे जरूर विचारा.