शब्दांचा मुलामा

गेल्या उन्हाळ्यांत बोईसरची एक विद्यार्थिनी आपली वही आणि एक खोकें घेऊन आमच्याकडे आली. डिझाइनच्या विद्यालयांतील प्रवेशपरीक्षेच्या दुसऱ्या टप्प्यांत पुठ्ठा, तार, दोरा, रंगीत कागद अशी सामग्री हातीं देऊन मॉडेल करावयास सांगतात. आणि ‘निफ्ट’च्या परीक्षेंत त्याजबरोबर विषय कां निवडला, कोणते घटक वापरले, रंगयोजना काय, याचें टिपणही मागतात. सरावासाठीं या मुलीनें बोंबील सुकविण्याचा मांडव केला होता. काड्यांचे खांब, त्यांवर ताणलेल्या दोऱ्या, आणि जबड्यांत जबडा अडकवून दोऱ्यांवर टाकलेले कागदी बोंबील. सगळे बोंबील एका अंगास किंचित कललेले. असें कां, म्हणून विचारलें, तर म्हणाली, “सर, वारा समुद्राकडून येतो ना!”

मग आम्हीं टिपण वाचलें. त्यांत वारा नव्हता, बोंबील नव्हते, दोरीसुद्धां नव्हती. मॉडेलांत रिदम, बॅलन्स आणि हार्मनी साधली असून टेक्स्चरमुळें व्हिज्युअल इंटरेस्ट निर्माण झाला आहे, एवढेंच होतें. वहीच्या शेवटच्या पानावर अशा शब्दांची यादी होती; शिकवणी-वर्गानें दिलेली, तोंडपाठ करावयाची, आणि दर टिपणांत त्यांतील निदान आठ शब्द आलेच पाहिजेत अशी ताकीद असलेली.

हा एका मुलीचा दोष नव्हे. पालघर, बोईसर, तारापूर या पट्ट्यांतून डहाणू लोकल धरून जीं मुलें मुंबईच्या बाजूस अशा वर्गांना जातात, त्यांतील कित्येकांच्या वह्या आम्हीं चाळल्या. यादी थोड्या फरकानें तीच. टिपणांतील हत्ती काढून त्या जागीं पाण्याची टाकी ठेविली, तरी दुसरें अक्षर बदलावयास नको! जें वर्णन कोणत्याही वस्तूस लागू पडतें तें कोणत्याच वस्तूचें नव्हे, हें काय पदवीधर शिक्षकांस सांगावयास हवें?

आम्हांस परिभाषेचा तिटकारा आहे असें मात्र कोणी समजूं नये. सुतारास रंधा आणि पटाशी यांना निराळीं नांवें लागतात, तशीं डिझाइनकारासही लागतात. बॅलन्स हा शब्द उत्तम आहे; फक्त कशाचा भार कशानें तोलला, तें त्याच्यामागून आलें पाहिजे. मर्ढेकरांनीं संवाद, विरोध आणि समतोल हीं लयीचीं तत्त्वें मराठींत मांडलीं, तीं युक्तिवाद करून मांडलीं. मुलांनीं घोकून परीक्षेंत ओकावीं म्हणून नव्हे.

आपल्या देशांतील डिझाइनच्या शिक्षणाचा उगम पाहिला तर या यादीची लाज वाटावी. चार्ल्स व रे ईम्स या अमेरिकन दांपत्यानें भारत सरकारच्या निमंत्रणावरून १९५८ सालीं एक अहवाल दिला; त्यामागोमाग १९६१ सालीं अहमदाबादेस राष्ट्रीय डिझाइन संस्था निघाली. त्या अहवालांत उत्तम वस्तु म्हणून जिचें कौतुक आहे ती आपल्या घरांतला लोटा. आणि कौतुक कशानें केलें? प्रश्न विचारून. तो भरलेला असतांना तोल कोठें, रिकामा असतांना कोठें? ओततांना काय होतें? डोक्यावर, कमरेवर, हातांत कसा धरला जातो? वाजतो कसा, किंमत काय पडते? आठ शब्दांची अट त्या पाहुण्यांना कोणी घातली नव्हती, हें लोट्याचें भाग्य.

असे प्रश्न विचारण्याची सामग्री आमच्या पट्ट्यांत पावलोपावलीं पडली आहे. तारापूरच्या औद्योगिक वसाहतींत ज्याचे वडील कामाला जातात त्या मुलास ठाऊक असतें कीं पाण्याचा नळ हिरवा, दाबलेल्या हवेचा आकाशी आणि वाफेचा रुपेरी रंगवितात, कारण तेथें रंग चुकला तर हात भाजतो. हाच मुलगा टिपणांत लिहितो, “व्हायब्रंट कलर पॅलेट वापरलें आहे.” वारली चित्राचेंही तसेंच. गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांना २०११ सालीं पद्मश्री मिळाली. त्यांच्या हयातींतच ही चित्रें भिंतीवरून कागदावर आणि पुढें जगभर गेलीं. दोन त्रिकोण टोकाशीं जोडले कीं माणूस होतो. त्या एका बिंदूवर धड हवें तसें कलतें, आणि म्हणूनच तारप्याभोंवतीं नाचणारी रांग स्थिर भिंतीवरही हलते. हें पाड्यावरच्या पोरीला दिसतें. पण आपल्याच आईनें लग्नाच्या वेळीं तांदळाच्या पिठानें काढलेल्या चौकाविषयीं तिला लिहावयास शिकविलें जातें तें काय, तर “ट्रायबल मोटिफ्स”!

वर्गचालकांचें उत्तर ठरलेलें आहे: परीक्षकास हेच शब्द हवे असतात. आम्ही हें मानीत नाहीं. टिपणावरून विचारांची स्पष्टता पाहावयाची, असें संस्थाच सांगत आली आहे. आणि एकामागून एक तेंच टिपण वाचणाऱ्या परीक्षकास समुद्रावरून आलेला एक वारा किती गोड लागेल! यादींत खरा लाभ कोणाचा, हेंही पाहावें. ज्या मुलांच्या घरीं इंग्रजी पाण्यासारखी वाहते तीं हे शब्द सफाईनें पेरतात. सातपाटीच्या किंवा बोईसरच्या मुलाजवळ त्यांच्याहून अधिक असें एकच भांडवल असतें, तें म्हणजे पाहिलेलें जग. आणि तेवढेंच दाराबाहेर ठेवून आंत ये, असें आपण त्याला फी घेऊन सांगतों.

या पापांत आमचाही वांटा आहे. इंग्रजीच्या वर्गांत ओळीखालीं अलंकाराचें नांव लिहून दिलें कीं कविता शिकविली, अशी आमची पंचवीस वर्षांची समजूत होती.

त्या मुलीस आम्हीं एवढेंच सांगितलें कीं ज्या शब्दापुढें बोटानें मॉडेलांतील जागा दाखवितां येईल तेवढाच ठेव. तासाभरानें आठांतला एक उरला, रिदम. कारण खालच्या दोऱ्या तिनें दाट आणि वरच्या विरळ बांधल्या होत्या. उरलेल्या जागेंत वारा आला, खारट वासही आला. जातांना तिनें विचारलें, “सर, पण क्लासमध्यें हें दाखवूं का?”