झाले असेल, झाले असावे, झाले असते

जळगाव जिल्ह्यातील रावेर-यावल भागातील केळी आखाती देशांत जातात. पेट्या वातानुकूलित कंटेनरमध्ये भरतात, आतील तापमान साधारण 13 ते 14 अंश सेल्सिअस ठेवतात आणि माल बंदराकडे रवाना होतो. तापमान याहून फार खाली घसरले, तर केळीच्या सालीवर करडे-तपकिरी डाग पडतात आणि फळ नीट पिकत नाही.

समजा, अशाच एका खेपेबद्दल दुबईच्या खरेदीदाराची तक्रार आली. पेढीवरील काकांनी पुतण्याला सांगितले, "अरे, त्यांना लिही, वाटेत कुठेतरी थंडी जास्त झाली असेल, आम्ही चौकशी करतो." पुतण्या इंग्रजी माध्यमात शिकलेला. त्याने झटपट लिहिले, 'द टेम्परेचर मस्ट हॅव फॉलन.' काकांच्या मनात केवळ शंका होती. पत्रातून मात्र जवळजवळ कबुली गेली. खरेदीदाराने त्याच वाक्यावर बोट ठेवून रक्कम कापून घेतली, तर त्याला दोष देता येणार नाही. त्याने जे वाचले, तेच खरे धरले.

भूतकाळातील शक्यता सांगण्यासाठी इंग्रजीत एकच साचा आहे. आधी 'मे', 'माइट', 'कुड', 'मस्ट', 'शुड' यांपैकी एक साहाय्यक क्रियापद, मग 'हॅव' आणि शेवटी मुख्य क्रियापदाचे तिसरे रूप. कर्ता एकवचनी असो वा अनेकवचनी, 'हॅव' बदलत नाही. म्हणून 'ही मस्ट हॅज गॉन' हे चूक आणि 'दे मे हॅड केम' हेही चूक. साचा पाठ करणे सोपे. पहिला शब्द निवडणे अवघड. चूक होते ती तेथेच.

वास्तविक या छटा मराठीला परक्या नाहीत. 'ट्रक धुळ्याला पोहोचला असेल' या वाक्यात बोलणाऱ्याजवळ पुरावा नाही. पोहोचला असेल किंवा नसेलही. इंग्रजीत येथे 'मे हॅव', 'माइट हॅव' किंवा 'कुड हॅव' चालते. 'ट्रक पोहोचला असावा' किंवा 'पोहोचला असला पाहिजे' असे म्हणताना काही खूण हाती असते: पहाटे निघाला होता, रस्ता मोकळा आहे, चालक नेहमीचा आहे. हा अनुमानाचा निष्कर्ष होय. येथे 'मस्ट हॅव' योग्य. घोटाळा 'पाहिजे' या शब्दाने होतो. 'ट्रक कालच पोहोचायला पाहिजे होता' या वाक्यातही तो आहे, पण अर्थ निराळा: पोहोचणे अपेक्षित होते आणि तो पोहोचला नाही. येथे 'शुड हॅव' हवे. या शब्दांत ठपका असतो, म्हणून ग्राहकाला लिहिताना तो जपून वापरावा.

आणखी एक सापळा सक्तीचा. 'आम्हाला दंड भरावा लागला' याचे इंग्रजी 'वी मस्ट हॅव पेड' असे केले, तर वाचणारा 'आम्ही बहुधा भरला असावा' असा अर्थ घेतो. दंड भरूनही आपल्याच हिशेबाबद्दल आपण साशंक आहोत, असे चित्र उभे राहते. गतकाळातील सक्तीसाठी 'हॅड टू पे' हेच रूप आहे.

जे घडलेच नाही, त्यासाठी मराठीत 'असता', 'असते' आहे. 'तुम्ही वेळेवर कळवले असते, तर आम्ही चेक थांबवू शकलो असतो' येथे 'कुड हॅव स्टॉप्ड' येते. म्हणजे 'कुड हॅव'ला दोन अर्थ: कदाचित घडले असेल, किंवा घडू शकले असते पण घडले नाही. कोणता अर्थ घ्यायचा, हे संदर्भावरून ठरते. शंकेला जागा राहत असेल, तर नुसत्या शक्यतेसाठी 'मे हॅव' लिहिणे बरे. उलट, अनर्थ टळला हे ठाऊक असताना 'मे हॅव' लिहू नये. 'आग लागू शकली असती, पण लागली नाही' येथे 'माइट हॅव' किंवा 'कुड हॅव' हेच शोभते.

नकारात तर अंतर फारच मोठे होते. 'ही मे नॉट हॅव साइन्ड' म्हणजे कदाचित त्याने सही केली नसेल. 'ही कान्ट हॅव साइन्ड' किंवा 'ही कुडन्ट हॅव साइन्ड' म्हणजे त्याने सही केलेली असणे शक्यच नाही. पहिले वाक्य शंकेचे, दुसरे ठाम नकाराचे. देण्याघेण्याच्या वादात पहिल्याच्या जागी दुसरे गेले, तर पुढे ते सिद्ध करून दाखवण्याची जबाबदारी लिहिणाऱ्यावर येते.

एवढ्या शब्दांतून निवड कशाच्या आधारे करावी? हाती किती पुरावा आहे, यावरून. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेसाठी गावोगाव हिंडून जुने कागद मिळवले, ते याच आग्रहातून: आधी अस्सल कागद, मग विधान. 1926 साली धुळ्यात त्यांचे निधन झाले आणि 1927 साली तेथेच त्यांच्या नावाने संशोधन मंडळ उभे राहिले. इतिहासकाराची ही शिस्त पेढीवरच्या पत्रालाही लागू पडते. कागद नसेल, तेव्हा 'मे हॅव'. खूण सापडली, तर 'मस्ट हॅव'. कागदच हाती आला, की साहाय्यक क्रियापदाची गरज संपते आणि साधा भूतकाळ पुरतो.

जैन वाचकाला ही शिस्त नवी वाटू नये. स्याद्वादातील 'स्यात्' हे संस्कृत 'अस्' धातूचे विध्यर्थी रूप. शब्दशः अर्थ 'असावे'. अनेकांनी त्याचे भाषांतर 'कदाचित' असे केले आणि हा संशयवाद आहे, असा गैरसमज पसरला. आचार्यांनी मात्र त्याचा अर्थ 'कथंचित्', म्हणजे एका विशिष्ट अपेक्षेने, असा सांगितला. आपले विधान कोणत्या बाजूने आणि कोठपर्यंत खरे आहे, हे सांगणे म्हणजे डळमळणे नव्हे. व्याकरणातले 'मे हॅव' आणि दर्शनातले 'स्यात्' एक नव्हेत. परंतु जेवढे ठाऊक आहे तेवढेच बोलावे, हा संयम दोन्हींकडून शिकता येतो.

आता पुतण्याचे पत्र पुन्हा पाहू. त्याने लिहायला हवे होते, 'द टेम्परेचर मे हॅव फॉलन इन ट्रान्झिट. वी आर चेकिंग द रेकॉर्ड.' कंटेनरमधील तापमानाची नोंद हाती आल्यावर आकडा आणि तारीख देऊन, जे घडले ते सरळ लिहायचे. त्यात चूक आपली निघाली, तर तीही तितक्याच सरळपणे मान्य करायची. शब्द जपून वापरणे म्हणजे सत्य लपवणे नव्हे.

घरातील मुलांसाठी चार वाक्ये. इंग्रजी करून पाहावे:

1. मुनीमजींनी पावती कपाटात ठेवली असेल.
2. दिवा जळतो आहे. कोणीतरी दुकान उघडले असावे.
3. धुळ्याचा माल काल यायला हवा होता.
4. त्या दिवशी तो गावात नव्हता. सही त्याने केलेली असणे शक्य नाही.

उत्तरे अनुक्रमे: मे हॅव केप्ट, मस्ट हॅव ओपन्ड, शुड हॅव कम, कान्ट हॅव साइन्ड. तिसऱ्यात 'केम' लिहिले असेल, तर तिसऱ्या रूपाचा तक्ता पुन्हा एकदा म्हणावा.