भिंतीवरची रानफुलं

तर झालं असं, की गेल्या दिवाळीआधी आमच्या विश्रांतवाडीच्या घरात रंगकाम निघालं. नातीची खोली सजवायची म्हणून सूनबाईंनी एका भिंतीला वॉलपेपर लावायचा ठरवला. रानफुलांचा! पांढऱ्या कागदावर लाल, निळी, पिवळी फुलं, नाजूक देठ, मध्येच गवताची पाती. कारागीर आला आणि अर्ध्या दिवसात भिंतीवर कुरण उगवलं. दिसतं छान, उगाच नावं कशाला ठेवू?

रात्री नातीने झोपताना बोट दाखवून विचारलं, "आजी, या फुलाचं नाव काय?"

चौतीस वर्षं शाळेत शिकवलं, पण मला एकाही फुलाचं नाव सांगता येईना. गुंडाळीच्या वेष्टनावर पाहिलं, तर तिथे नुसता नंबर. शेवटी मुलाने शोधून सांगितलं, की लाल फूल पॉपीचं, म्हणजे आपल्या खसखशीच्या कुळातलं. एक पांढरी बारीक फुलं मात्र मला हुबेहूब गाजरगवतासारखी वाटली. मी तसं बोलून दाखवलं आणि सूनबाई दोन दिवस माझ्याशी जपून बोलत होत्या :) (या गाजरगवताची भारतातली ठळक नोंद १९५५-५६ च्या सुमारास आपल्या पुण्यातच झाली, हा आपला मान!)

असो. तेव्हापासून हा विषय डोक्यात घोळतो आहे.

माझं लहानपण भोर तालुक्यात गेलं. आमच्या स्वयंपाकघराची एक भिंत कुडाची होती. कारवीच्या काठ्या जवळजवळ उभ्या करायच्या, बांबूच्या कांबींनी बांधायच्या आणि वरून शेणमातीने लिंपायचं. ही कारवी म्हणजे सह्याद्रीतलं रानफूलच की! सात वर्षांनी एकदा फुलते, डोंगराचे उतार जांभळे-निळे करते आणि बी धरून वाळून जाते. म्हणजे आमच्या भिंतीवर फुलांचं चित्र नव्हतं, फुलाच्या झाडाचीच भिंत होती. आई सारवताना म्हणायची, "औंदा कारवी फुलणार, मधाला तोटा नाही." भिंत, फूल, मध, डोंगर सगळं एकाच वाक्यात यायचं. ते घर आता नाही. पण कारवी म्हटलं, की ओल्या सारवणाचा वास आजही नाकाशी येतो.

याचा अर्थ सगळ्यांनी कुडाच्या घरात राहावं असं मी मुळीच म्हणत नाही. पावसाळ्यात ती भिंत कशी गळते आणि घुशी कशा शिरतात, हेही मी पाहिलंय. परदेशी फुलांशीही माझं वैर नाही. ती पॉपी इंग्लंडात नोव्हेंबर महिन्यात लोक कोटावर लावतात, युद्धात गेलेल्या सैनिकांच्या आठवणीसाठी. तिथे त्या फुलाला ऋतू आहे, गोष्ट आहे. आमच्या भिंतीवर येताना ते दोन्ही मागे ठेवून नुसता रंग तेवढा आला.

वॉलपेपरच्या कलेत विल्यम मॉरिस या इंग्रजाचं नाव मोठं. १८८७ साली त्याने वाळुंजाच्या, म्हणजे विलोच्या, फांद्यांचा एक कागद केला. तो अजूनही छापला जातो. त्याच्या मुलीने आठवण लिहून ठेवली आहे, की त्याआधी ओढ्याकाठी फिरताना वडिलांनी तिला पानांचे वेगवेगळे आकार दाखवले होते. मला हे फार आवडलं. आधी बाप-लेक ओढ्यावर गेले, मग भिंतीवर पान आलं. आपण उलटं करतो. भिंतीवर आधी आणतो आणि ओढ्यावर जातच नाही.

गेलो तरी कसे जातो? साताऱ्याजवळचं कासचं पठार २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशाच्या यादीत गेलं. सोनकी, तेरडा, गेंद, आणि इवले किडे खाऊन जगणारी ती सीतेची आसवं. पण फुलांत बसून फोटो काढण्याच्या नादात माणसांनी फुलंच तुडवली, म्हणून आता तिथे तिकीट आहे आणि दिवसाला किती माणसं सोडायची यावर मर्यादा आहे.

आपली म्हण आहे, तेरड्याचा रंग तीन दिवस. आपण ती निंदेसाठी वापरतो. पण बघा, कितीतरी घरांत गौर म्हणून तेरड्याचीच रोपं आणतात, आणि गौरही तीनच दिवसांची! ती जाणार हे ठाऊक असतं, म्हणून तर तिचं कौतुक. कागदावरचं फूल बारा महिने फुललेलंच राहतं. त्याची कोणी वाट पाहत नाही. आणि ज्याची वाट पाहिली नाही, त्यावर माया तरी कशी बसणार?

म्हणून माझं म्हणणं एवढंच. वॉलपेपर खुशाल लावा, पण घरातल्या पोरांना आधी दहा रानफुलं नावानिशी ओळखू द्या. त्यासाठी कासला जायलाच हवं असं नाही. या पावसाळ्यात मी नातीला घेऊन सोसायटीमागच्या मोकळ्या प्लॉटवर गेले. गुडघे कुरकुरत होते, पण गेले. निळा केना मिळाला, पिवळा टाकळा मिळाला, एकदांडी तर पायाखालीच होती. वर्तमानपत्रात दाबून वाळवली, वहीत चिकटवली, खाली नातीच्या अक्षरात नाव आणि तारीख. केन्याचा निळा रंग वाळल्यावर पार उडाला. ती हिरमुसली. मग म्हणाली, "आजी, पुढच्या वर्षी परत आणू."

त्या प्लॉटला आता पत्रे लागलेत, इमारत होणार आहे. पुढच्या वर्षी दिघीच्या टेकडीपर्यंत जावं लागेल. माझे गुडघे काय म्हणतात बघू.

तुमच्या गावाकडच्या रानफुलांची नावं मात्र मला जरूर कळवा. आमच्या वहीत अजून बरीच पानं कोरी आहेत.