रविवारची दहा मिनिटं

खंडेनवमीला बोरी अरबातली ती मार्क टू अँबॅसडर यंदाही ढकलूनच चालू करावी लागली. हार आधी घातला आणि धक्का नंतर मारला, त्यामुळे निम्मा झेंडू रस्त्यावर गेला म्हणतात. गाडीचे मालक हा स्तंभ नियमित वाचतात आणि त्यातलं काहीही नियमितपणे करत नाहीत. त्याबद्दल माझी तक्रार नाही. डोकं फिरलं ते ढकलणाऱ्यांच्या सल्ल्यानं : ‘दर रव्वारी दहा मिंटं चालू ठेवत जा न जी, मंग कायले उतरते बॅटरी?’ हाच सल्ला मेकॅनिक देतो, बॅटरीवाला देतो, व्याही देतात. दुर्दैवानं मालक एवढा एकच सल्ला वर्षभर पाळत आलेत. बॅटरी उतरायला त्याचाच हातभार लागला आहे.

हिशेब साधा आहे. सेल्फ मारताना स्टार्टर मोटर दीडशे अ‍ॅम्पिअरच्या आसपास ओढते, पण पाचच सेकंद. म्हणजे खर्च ०.२ एएच. ही किरकोळ रक्कम. पुढची दहा मिनिटं गाडी पोर्चमध्ये स्लोवर गुरगुरत उभी असते, तेव्हा या गाडीचा डायनॅमो काहीच देत नाही. डायनॅमोला फेरे लागतात; अल्टरनेटरसारखा तो स्लोवर भरत नाही. डॅशबोर्डवरचा लाल दिवा तेच सांगत असतो, पण मालकांना तो शोभेचा वाटतो. तोवर इग्निशन कॉइल दोन-तीन अ‍ॅम्पिअर बॅटरीतूनच पिते. दहा मिनिटांचे झाले साधारण अर्धा एएच. चार रविवारांत मिळून जवळजवळ तीन एएच गेले, परत आलं शून्य. वर विदर्भाचा उन्हाळा. शिश्याची बॅटरी नुसती ठेवली तरी आपोआप उतरत असते, आणि तापमान दहा अंशांनी वाढलं की हा वेग साधारण दुप्पट होतो. यवतमाळात मे महिन्यात पारा ४४ वर जातो, आणि बंद पत्र्याच्या शेडमध्ये त्याहून किती वर, ते शेडमध्ये उभं राहून पाहावं. शिवाय थंड इंजिन दहा मिनिटं चालवून बंद केलं की सायलेन्सरमध्ये पाणी साचतं ते वेगळंच. चालवायचीच असेल तर यवतमाळपर्यंत नीट पळवून आणा, नाहीतर हात लावू नका.

मला खरी गंमत वाटते ती त्याच घरात जिन्याखाली ठेवलेल्या इन्व्हर्टरची. त्याची बॅटरी पाचव्या वर्षात आहे आणि ठणठणीत आहे. तेवढ्या काळात अँबॅसडरच्या बॅटऱ्या येऊन गेल्या, त्यांची नावंही मालकांना आठवत नाहीत. दोन्हींत शिसं तेच, गंधकाम्ल तेच, सहा सेल तेच, १२ व्होल्ट तेच. एक रोज राबते. लाइट गेली की पंखे, टीव्ही, वायफाय ओढते. दुसरी गादीवर बसून असते. आणि मरते ती बसलेली.

कारण बॅटरी कामानं तितकी मरत नाही, जितकी उपाशी ठेवल्यानं मरते. करंट दिला की प्लेटांवर लेड सल्फेट तयार होतं. ते ताजं असेपर्यंत बारीक असतं. चार्जिंग दिलं की विरघळून जागेवर जातं. पण बॅटरी अर्धवट उतरलेल्या अवस्थेत आठवडेच्या आठवडे पडून राहिली, की त्याचे खडे मोठे आणि टणक होतात. मग कितीही चार्जिंग लावा, तेवढा भाग कामातून गेला तो गेलाच. इन्व्हर्टरची बॅटरी दिवसातून दोनदा उतरली तरी लाइट आल्याक्षणी पुन्हा भरायला लागते, आणि भरली की हलक्या चार्जिंगवर टिकून राहते. तिला सल्फेट धरायला सवडच मिळत नाही.

शिवाय इन्व्हर्टरला घरात मतदार आहेत. मालिका मध्येच बंद पडली की आजी आधी बोलतात; पाणी घातलं का, असं सूनबाई विचारतात. झाकणांवरचे फ्लोट खाली गेलेले नातवालाही दिसतात. बॉनेटखालच्या बॅटरीला कुणी वाली नाही. ती उतरली हे कळायला खंडेनवमी यावी लागते.

कुणी म्हणेल, इन्व्हर्टरची ट्युब्युलर बॅटरी मुळातच दणकट. दणकट आहेच, प्लेटा जाड असतात. पण घराला कुलूप लावून, मेन स्विच पाडून, चार-सहा महिने पुण्याला मुलाकडे राहून आलेल्यांना विचारा. परत आल्यावर तीच दणकट बॅटरी बहुतेकदा अर्धमेली सापडते. म्हणजे फरक प्लेटांपेक्षा वायरीचा आहे. एक भिंतीला जोडलेली आहे, दुसरी नाही.

(ढकलणाऱ्यांपैकी एकानं यावर तोडगा काढला की इन्व्हर्टरचीच बॅटरी गाडीत टाकू. दीडशे एएचची ट्युब्युलर पन्नास किलोच्या वर जाते आणि अँबॅसडरच्या ट्रेमध्ये बसत नाही. बसली तरी उपयोग नाही. सेल्फला एकदम मोठा झटका लागतो, त्यासाठी पातळ आणि पुष्कळ प्लेटा लागतात. जाड प्लेटांचं काम सावकाश, तासन्‌तास देण्याचं.)

तेव्हा अँबॅसडरलाही भिंतीला जोडा. भरली की स्वतः हात आखडता घेणारा छोटा ऑटोमॅटिक चार्जर दोन-तीन हजारांत येतो. बारा महिने लावून ठेवायचीही गरज नाही, महिन्यातून एक दिवस-रात्र पुरे. मध्ये लाइट गेली तरी बिघडत नाही, आली की तो पुन्हा सुरू होतो. एवढं मात्र विकत घेताना विचारून घ्या. बॅटरी दुकानात नेऊन ‘रात्रभर लावून ठेवा’ सांगण्याची पद्धत सोडा. तिथं सगळ्या बॅटऱ्या एका माळेत ओवतात आणि ट्रॅक्टरच्या बॅटरीला जेवढा करंट तेवढाच तुमच्या लहानीला मिळतो. ४५ एएचच्या बॅटरीला चार-साडेचार अ‍ॅम्पिअर, फार तर पाच. तीनशे रुपयांचा मल्टिमीटर घ्या. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी १२.६ दाखवत असेल तर भरलेली, १२.४ ला चार्जिंग लावायचं, १२.२ म्हणजे अर्धी संपली. १२ वर आलेली बॅटरी ‘अजून बारा आहे न’ म्हणून सोडून देणारे लोक मी पाहिले आहेत.

नवी घेताना कोणती? दुकानदार मेंटेनन्स-फ्रीच काढून देईल. कॅल्शियमच्या प्लेटांची बॅटरी पडून राहिली तर कमी उतरते, हे खरं आहे. पण ती पूर्ण भरायला १४.४ च्या पुढे व्होल्टेज मागते. आपल्या डायनॅमोचा कटआउट म्हणजे स्प्रिंगा आणि पॉइंटांचा जुना कारभार. कधी कमी देतो, कधी सणक आली की उकळवतो. उकळलं की पाणी उडतं, आणि झाकण नसलेल्या बॅटरीत ते घालणार कुठून? एजीएम तर उष्णता आणि जादा चार्जिंग, दोन्हींना नाजूक, वर किंमत. मी जुन्या गाडीला सहा बुचांचीच घ्यायला सांगतो. बुचं असली की माणूस निदान वाकून बघतो. याला पुरावा नाही, पण ज्या दिवसापासून कंपन्यांनी गाडीबरोबर हँडल देणं बंद केलं, त्या दिवसापासून मालकाचा इंजिनाशी संबंध तुटला, असं मी इथं पूर्वीही लिहिलं आहे आणि पुन्हा लिहीन. वाफेवरच्या शकुंतला रेल्वेगाडीला सेल्फ नव्हता म्हणून ती १९९४ पर्यंत चालली, हा माझा सिद्धांत संपादकांना मान्य नाही.

पाणी डिस्टिल्डच. गावातल्या आरओच्या जारचं पिण्याचं पाणी नव्हे, त्यात क्षार राहतात. अ‍ॅसिड कधीही घालायचं नाही; उडतं ते पाणी. आणि गाडीतून काढलेली बॅटरी फरशीवर ठेवली तर उतरते म्हणून तिच्याखाली पाट देऊ नका. हल्लीच्या प्लास्टिकच्या डब्यांना त्याचं काही नाही. पाट जेवायला ठेवा. ब्रिटिश वळणाच्या जुन्या गाड्यांत कधी कधी प्लस बॉडीला असतो, तेव्हा चार्जरचे चिमटे लावण्याआधी अर्थिंग पाहा. कोणताही टर्मिनल काढताना बॉडीचा आधी काढायचा, लावताना शेवटी.

‘फिरवली तर टिकेल ना?’ असं मालक विचारतील. फिरवायलाही सरकारचं बंधन आहे. जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नाशी ओलांडलेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवली, तर नव्या नोंदणीला वीस हजार मोजायचे, दहा वर्षांनी नूतनीकरणाला पाच हजार, आणि ती रोजच्या वापरात आणायची नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल, दुरुस्ती, एवढ्यासाठीच रस्त्यावर. म्हणजे गाडी उभी राहणार याची सोय कायद्यानंच केली. चार्जरचं मात्र कुणाला सुचलं नाही.

आताची बॅटरी भंगारवाल्याला देऊ नका. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनी ती परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे, आणि जुनी परत केली की दुकानदार नव्या बिलातून रक्कम वजा करतो. दारव्ह्याला किंवा यवतमाळला जाल तेव्हा आधी बॅटरीवरचा निर्मितीचा महिना वाचा. छोट्या दुकानात ट्रॅक्टरचा माल पटापट फिरतो. पेट्रोल गाड्यांचा फळीवर पडून असतो, म्हणजे तिथंही उपाशीच. सहा महिने फळीवर काढलेली असेल तर दुसरी मागा. वजावटीत जे सुटेल त्यात भर घालून चार्जर त्याच बिलावर चढवा.

— हँडलबहाद्दर