एका दिवसाचं ओर्विएतो

रोममध्ये चार-पाच दिवस मुक्काम करणाऱ्या मराठी पर्यटकांचा एक दिवस हमखास फ्लॉरेन्सच्या नावावर लिहिलेला असतो. वेगवान गाडी दीड तासात पोचवते आणि मग उफिझी संग्रहालय, कथीड्रल, जुना पूल हे सगळं संध्याकाळपर्यंत कसंबसं उरकायचं. एवढ्या शहराला असं धावतपळत भेटणं बरं नव्हे. एका दिवसात खरोखर मावेल असं गाव त्याच वाटेवर आहे. ते उंब्रियातलं ओर्विएतो.

रोमच्या तेर्मिनी स्थानकावरून प्रादेशिक गाडीने तिथे जायला साधारण सव्वा तास लागतो. या गाड्यांचं भाडं ठरलेलं असतं आणि आसन राखून ठेवावं लागत नाही, म्हणून आगाऊ तिकिटाची घाई नको. कागदी तिकीट मात्र गाडीत चढण्याआधी फलाटावरच्या यंत्रात घालून त्यावर छाप उठवून घ्यावा, नाहीतर खिशात तिकीट असूनही दंड बसतो. वेळापत्रकातल्या दोन शब्दांकडेही नीट पाहावं. ‘फेरियाले’ म्हणजे कामाचे दिवस, त्यात शनिवारही येतो. ‘फेस्तिवो’ म्हणजे रविवार आणि सणवार. नेमकी आपली गाडी त्या दिवशी धावते की नाही, हे यावरून कळतं.

गाव आहे ज्वालामुखीच्या राखेतून घडलेल्या तुफा खडकाच्या पठारावर, कड्याच्या काठापर्यंत वसलेलं. स्टेशन खाली खोऱ्यात. समोरूनच दोरावर ओढली जाणारी फ्युनिक्युलर वर जाते. १८८८ मध्ये ती सुरू झाली तेव्हा वरच्या डब्याच्या टाकीत पाणी भरत. त्या वजनाने तो उतरे आणि खालचा डबा वर चढे. १९७० मध्ये बंद पडलेली ही सोय १९९० मध्ये विजेवर पुन्हा सुरू झाली.

वर उतरल्यावर सगळे बसने थेट कथीड्रलकडे धावतात. तसं करू नये. सान पात्रित्सिओची विहीर तिथून चार पावलांवर आहे, आणि ती पाय ताजे असतानाच पाहावी.

१५२७ मध्ये सम्राट पाचव्या चार्ल्सच्या बंडखोर सैन्याने रोम लुटलं. पोप सातवा क्लेमेंट काही महिने किल्ल्यात अडकून पडला आणि डिसेंबरात निसटून ओर्विएतोला आला. वेढा पडला तर या खडकावर प्यायला पाणी कुठून आणायचं? सह्याद्रीतल्या गडांवरची टाकी पाहिलेल्या माणसाला हा प्रश्न समजावून सांगावा लागत नाही. अंतोनियो दा सांगाल्लो या वास्तुकाराने सुमारे ५३ मीटर खोल विहीर आखली. तिच्याभोवती एकमेकांना कुठेही न भेटणारे दोन सर्पिल जिने आहेत. खेचरं एकाने रिकामी उतरत, तळाचा पूल ओलांडत आणि पाणी लादून दुसऱ्याने चढत, त्यामुळे वाटेत कोंडी होतच नसे. २४८ रुंद, बुटक्या पायऱ्या आणि आत उजेड सोडणाऱ्या खिडक्या. काम पुरं झालं १५३७ मध्ये; तोवर क्लेमेंट वारला होता.

कथीड्रल दुपारसाठी ठेवण्याचं कारण ऊन. १२९० मध्ये सुरू झालेल्या या वास्तूचा दर्शनी भाग पश्चिमेकडे आहे, त्यामुळे त्यावरची सोनेरी मोझेक दुपार कलल्यावरच झळाळतात. खालच्या खांबांवर, हात पोचेल इतक्या उंचीपासून, सृष्टीच्या निर्मितीपासून अंतिम निवाड्यापर्यंतची शिल्पं आहेत. आत सान ब्रित्सिओ चॅपेलमध्ये लुका सिन्योरेल्लीने १४९९ ते १५०४ या काळात रंगवलेल्या भिंती आहेत. मेलेली माणसं जमिनीतून हातांच्या जोरावर वर येतात, काही अजून नुसते सांगाडेच आहेत. मायकेलअँजेलोने आपल्या ‘अंतिम निवाड्या’साठी इथून घेतलं, असं कलावंतांची चरित्रं लिहिणाऱ्या व्हासारीने लिहून ठेवलं आहे. इथे निदान अर्धा तास उभं राहावं.

परतीची गाडी सकाळीच ठरवून टाकावी. इटलीत रेल्वेचे संप होतात, पण ते आधी जाहीर होतात, आणि कामाच्या दिवशी सकाळी सहा ते नऊ व संध्याकाळी सहा ते नऊ या वेळांत ठरावीक प्रादेशिक गाड्या संपातही चालवाव्या लागतात. म्हणून परतीसाठी संध्याकाळी सहानंतरची गाडी सोयीची. तोवर गावातली थंडगार पांढरी वाइन आणि हाताने वळलेला जाड उंब्रिचेल्ली पास्ता यांना वेळ उरतो.