ऐंशीचे एकोणनव्वद



स्वेटरच्या पाठीची बॉर्डर झाली: ८० टाके, दोन सुलट दोन उलट. बॉर्डर घट्ट हवी, वरचे अंग सैल. म्हणून बॉर्डरनंतरच्या पहिल्या सुलट ओळीत ९ टाके वाढवून ८९ करायचे.

हल्ली डोळे साथ देत नाहीत, म्हणून आमच्याकडे मोजणीचे काम नातीचे. आम्ही म्हणालो, "एकोणनव्वद कर गं." तिने 'नव्वद' तेवढे ऐकले, वहीत ९९ लिहिले आणि १९ टाके वाढवले! वीतभर विणल्यावर पाठीला परकरासारखा घेर आला. चूक तिची कशी म्हणावी? हिब्रूत ऐंशी आणि नऊ असे सरळ म्हणतात, आपण नव्वदातून एक कमी करतो. उसवताना पोरीला रडू आले. "सावता, मी आता मराठीत बोलणारच नाही," म्हणाली. आमच्या काळजात धस्स झाले. लोकर उसवता येते हो.

मग दोघी वही घेऊन बसलो. ८० ला ९ ने भागले. भाग आला ८, बाकी ८. बाकीचा एकेक टाका आठ गटांना वाटला, की ९-९ चे आठ गट झाले आणि एक गट ८ चाच राहिला. तो मधोमध तोडायचा: ४ सुरुवातीला, ४ शेवटी. नाहीतर वाढवलेला टाका अगदी काठावर येतो आणि बाजू शिवताना छळतो. म्हणजे ४ विणा, १ वाढवा. मग '९ विणा, १ वाढवा' असे आठ वेळा. शेवटी ४ विणा.

वाढवताना दोन टाक्यांमधला आडवा धागा पुढून डाव्या सुईवर घ्यावा आणि मागच्या बाजूने विणावा. पीळ पडला नाही तर भोक राहते.

सगळे टाके एकाच टोकाला का वाढवू नयेत, असे नातीने विचारले. आम्ही नर्स असताना पाहिलेले सांगितले. लांब जखमेला डॉक्टर पुष्कळदा पहिला टाका मधोमध घालीत, मग उरलेल्या अर्ध्यांच्या मध्ये. एका टोकाकडून ओढत गेले तर दुसऱ्या टोकाला कातडी गोळा होऊन कानासारखी उभी राहते. लोकरही तशीच एका बाजूला फुगते. "ई, सावता!" म्हणाली, पण समजले.

ओळ संपल्यावर तिने टाके मोजले, मराठीत, बोट लावून. अठ्ठ्याऐंशीपाशी थांबली, आमच्याकडे पाहिले आणि मोठ्याने म्हणाली, "एकोणनव्वद!"

बाह्या पुढच्या अंकी.