कुलूप कार्डास ओळखते, माणसास नव्हे

व्यापाऱ्याचे निम्मे लक्ष बाजारभावाकडे व निम्मे गोदामाच्या दाराकडे असावे, अशी आमच्या वडिलांची शिकवण होती. हल्ली त्या दारास लोखंडी कुलपाऐवजी विजेचे कुलूप आले आहे. कार्ड भिंतीवरील पेटीस दाखविले की दार उघडते. आपणांपैकी अनेक बंधूंनी ही सोय करून घेतली आहे. मीही घेतली. तिजविषयी अनुभवाचे दोन शब्द सांगावेत, एवढाच या लेखाचा हेतू. प्रस्तुत लेखक जेमतेम मॅट्रिक झालेला धान्याचा घाऊक व्यापारी असल्याने वाचकांनी पांडित्याची अपेक्षा ठेवू नये.

काही काळापूर्वी आमच्या गोदामातून गव्हाची काही पोती कमी भरली. यंत्राची नोंद पाहता, रात्री दोन वाजता एका जुन्या हमालाच्या कार्डाने दार उघडले होते. मी त्यास त्याच दिवशी कामावरून दूर केले. वस्तुतः त्या रात्री तो आपल्या गावी लग्नास गेला होता आणि कार्ड त्याच्या खिशातच होते! पुढे एका जाणत्या कारागिराने माझ्याच कार्डाची हुबेहूब नक्कल मिनिटभरात माझ्यासमोर करून दाखविली, तेव्हा माझे डोळे उघडले. मी हमालाची क्षमा मागून त्यास परत बोलाविले. परंतु चार माणसांत त्यास चोर म्हटले गेले, ते शब्द काही परत घेता येत नाहीत.

या कार्डात तारेचे एक बारीक वेटोळे व एक चिप असते. पेटीच्या चुंबकीय क्षेत्रातून चिपला शक्ती मिळते आणि ती आपला क्रमांक बोलून दाखविते. जुन्या, १२५ किलोहर्ट्झच्या साध्या कार्डांत याहून अधिक काही नसते. जो विचारील त्यास ती क्रमांक सांगतात. तोच क्रमांक कोऱ्या कार्डावर उतरविला की नक्कल तयार.

गुप्त लिपी वापरणारी कार्डेही सर्वस्वी निर्धोक नाहीत. 'मायफेअर क्लासिक' हे १९९४ सालापासूनचे कार्ड जगभर पसरले. त्याची गुप्त रीत कंपनीने झाकून ठेवली होती आणि किल्ली अवघी ४८ बिटांची होती. २००७ साली बर्लिन येथे संशोधकांनी ती रीत उकलली. २००८ साली नेदरलँड्समधील नाइमेखन येथील विद्यापीठाने तिचे दोष लिहून काढले, तेव्हा कंपनी न्यायालयात गेली. न्यायालयाने प्रसिद्धी रोखण्यास नकार दिला; हानी लेखामुळे नसून सदोष चिप विकल्यामुळे होते, असा त्याचा अभिप्राय पडला. २०२४ साली तर त्याच जातीच्या एका चिनी चिपमध्ये सर्व कार्डांस लागू पडणारी चोरकिल्ली आढळली, आणि तशी कार्डे भारतातील हॉटेलांतही सापडली.

आपल्या पूर्वजांस हा धोका ठाऊक होता. शाहजोग हुंडीचे पैसे केवळ कागद हाती आहे म्हणून मिळत नसत. आणणारा बाजारातील पतदार शाह आहे, अशी खातरी करूनच ते दिले जात, आणि हुंडी खोटी निघाल्यास रक्कम परत करण्यास तो शाह बांधलेला असे. आजचे कार्ड मात्र कोणाच्याही हातून वटते.

म्हणून माझे नम्र मत असे की, कुलूप बसविणाऱ्यास प्रथम स्पष्ट विचारावे: कार्ड नुसता क्रमांक सांगते, की दर वेळी नव्या प्रश्नास गुप्त किल्लीने उत्तर देते? दुसऱ्या प्रकारचेच घ्यावे, आणि कारखान्यातून आलेली किल्ली बदलून आपली घालावी. गोदामास कार्डाबरोबर गुप्त अंकही असावा. नोकर गेला, की त्याचे कार्ड त्याच दिवशी रद्द करावे. रात्री जुने लोखंडी कुलूप लावण्यास संकोच नसावा.

आणि सर्वांत महत्त्वाचे हे की, यंत्राच्या नोंदीवरून कोणास चोर ठरवू नये. ती नोंद कोणते कार्ड आले एवढेच सांगते. ते कोणी आणले, हे सांगत नाही. चोपडीतील रक्कम आपण रोकडीशी ताडून पाहतो. मग माणसाच्या अब्रूचा हिशेब न ताडता कसा मांडावा?

— एक धान्य-व्यापारी, दर्पण कॉलनी, ग्वाल्हेर